रोपं मोजू नका, नोकऱ्या मोजा



आपल्या बहरीनमधल्या काही मराठी मंडळींनी महाराष्ट्रातल्या एका तुरुंगात बाग फुलवण्यासाठी निधी जमवायचं मनावर घेतलं आहे. पाचशे फळझाडं, भाजीचे वाफे, ठिबकची जोडणी, एक शेडनेट आणि फाटकापाशी देणगीदारांच्या नावांची पाटी असा बेत आहे. कैद्यांच्या हाताला काम, मनाला शांतता आणि सुटल्यावर पोटापाण्याला उपयोगी पडेल असं कौशल्य, असा एकूण हिशेब. प्रस्तावात 'दो आँखें बारह हाथ'चा उल्लेख आलाच. तो येणारच होता! मराठी माणूस आणि खुला तुरुंग एका वाक्यात आले की शांतारामबापूंवाचून गत्यंतर नाही.

माझा या प्रस्तावाला आहे त्या स्वरूपात विरोध आहे, आणि तो का आहे हे जरा सविस्तर सांगते. बागेला विरोध नाही. मी गेली चौदा वर्षं इथे बाग-देखभालीच्या कंत्राटांचं काम बघते, माझं पोटच झाडांवर चालतं. मातीत हात घातला की माणूस निवतो हे मला कुणी परदेशी मानसशास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही. माझा विरोध आहे तो बाग फाटकाच्या आत संपवून टाकण्याला.

आधी सिनेमाचंच बोलू. तो १९५७ साली आला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनला गौरव झाला, आणि आपल्याला त्यातली प्रार्थना तेवढी पाठ राहिली. पण जरा आठवून पाहा, त्या सहा खुन्यांची खरी परीक्षा कुठे होते? माळरानावर ते घाम गाळतात, पाऊस येतो, भाजी पिकते. तिथवर सगळं ठीक चालतं. संकट सुरू होतं ते भाजी घेऊन बाजारात गेल्यावर. हे रास्त भावात विकतात म्हणून तिथल्या व्यापाऱ्याचं पित्त खवळतं, मारहाण होते, आणि त्याच वैरातून पुढे जेलरचा बळी जातो. कथा ग. दि. माडगूळकरांची, ते माणदेशातलेच, त्यांना बाजार ठाऊक होता. साठाहून जास्त वर्षं आपण हा सिनेमा 'माणूस बदलू शकतो' म्हणून बघत आलो. बाजार बदलतो का, हा त्यातला दुसरा प्रश्न आपण सोयीस्करपणे सोडून दिला.

माडगूळकरांना ही गोष्ट हवेत सापडली नव्हती. त्यांच्याच मुलखात, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने १९३९ साली 'स्वतंत्रपूर' वसवलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी १९३८च्या अखेरीस सत्ता रयतेच्या हाती द्यायचं जाहीर केलं आणि गांधीजींच्या सल्ल्याने पुढच्या वर्षी संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. या सगळ्या खटाटोपात मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश ज्यू इंजिनीयर होता. बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून औंधला आलेला, 'भारतानंद' नाव घेतलेला. (इंजिनीयर मंडळींनी नोंद घ्यावी. आपल्यातलाच एक, फक्त उलट दिशेने स्थलांतर केलेला.) कैद्याला कुलपाबाहेर, भिंतीबाहेर ठेवायचं, जमीन कसायला द्यायची, आणि मुख्य म्हणजे बायकापोरांसह राहू द्यायचं, ही स्वतंत्रपूरची कल्पना. इथे 'बागकामातून उपचार' अशी भाषा नव्हती. घर, कुटुंब, जमीन आणि विश्वास यांची ती एकत्र जोडणी होती. त्यातलं एक काढलं की बाकीचं डळमळतं, हे त्या लोकांना उमगलं होतं.

पुढे काय झालं? १९४८ साली संस्थान विलीन झालं. स्वतंत्रपूर आजही आहे, सरकार ते चालवतं. पण तिथे तीस कैद्यांचीही सोय नाही. ऐंशीहून अधिक वर्षांत आपण त्याचा सिनेमा केला, त्याच्या कौतुकाचे लेख लिहिले, आणि वसाहत मात्र होती तेवढीच ठेवली. जायकवाडीच्या काळात, १९६८ साली, पैठणला मोठा खुला तुरुंग निघाला. येरवडा, विसापूर, मोर्शी अशी आणखी नावंही आहेत. कैदी तिथे शेती करतात, शिक्षेत जास्त सूट मिळते, भिंतीचा जाच नसतो. हे चांगलंच आहे. पण बहुतेक ठिकाणी कैदी सरकारी शेतावरचा मजूर असतो. पीक सरकारचं, हिशेब सरकारचा, आणि रोजची मजुरी? २०२३ साली महाराष्ट्राने कैद्यांचे दर वाढवले, तेव्हाही खुल्या वसाहतीतल्या कैद्याच्या मजुरीने शंभरी गाठली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय की सक्तमजुरीच्या कैद्यालाही न्याय्य वेतन द्या, आणि त्यातला रास्त भाग गुन्ह्याने ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्या. पंचवीसहून अधिक वर्षं झाली. शंभराच्या आतल्या मजुरीतून कैद्याच्या घरी काय जाणार, पीडिताला काय मिळणार आणि सुटताना खिशात काय उरणार, हे आपल्यातल्या चार्टर्ड अकाउंटंट मित्रांनी मांडून दाखवावं.

राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३पासून खुलं शिबिर आहे. तिथे कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी कामावर बाहेर पडतात (मजूर, रखवालदार, काहींची छोटी दुकानं), संध्याकाळी हजेरीला परत येतात. घर स्वतःच्या कमाईवर चालवतात. म्हणजे सुटण्याच्या दिवशी त्यांच्याकडे नोकरी आधीच असते. २०२४ साली त्याच शिबिराच्या जमिनीवर हॉस्पिटल बांधायची टूम निघाली, आणि खुल्या तुरुंगांचं क्षेत्र कमी करू नका असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. जमीन कुणालाही चालते, फक्त कैद्याकडे असलेली सलते.

आता आकडे, फार नाही, दोनच. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबितच झालेला नव्हता. खुले तुरुंग देशभरात ९१, आणि तिथे जायचं तर आधी दोषी ठरावं लागतं, मग काही वर्षं चांगल्या वर्तणुकीत काढावी लागतात. ज्याचा खटलाच उभा राहत नाही, त्याला बाग नाही, शेती नाही, बराकच. आपली पाचशे झाडं या माणसांच्या दृष्टीने कुठे आहेत?

आणि आत असलेल्यांतही बाग कुणाला मिळते हे विचारायला हवं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो या प्रस्तावाच्या कर्त्यांनी वाचला आहे का? स्वयंपाक अमुक जातीचा, झाडू आणि संडास तमुक जातीचे, असं राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत चक्क छापलेलं होतं. एकविसाव्या शतकात, सरकारी पुस्तकात! न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांची त्यातून १९५२ साली कागदोपत्री सुटका झाली, त्यांचा 'सराईत' म्हणून होणारा उल्लेखही न्यायालयाला खटकला. नियम रद्द झाला म्हणून सवय रद्द होत नाही. म्हणून देणगी देताना पहिली अट ही हवी की बागेत कोण काम करणार हे कोण ठरवणार, ते लेखी सांगा. जो पारधी मुलगा सुटून पालावर परतणार, ज्याच्या बापजाद्यांच्या नावावर सातबाऱ्याचा उतारा कधी नव्हता, त्याला तुम्ही डाळिंबाची छाटणी शिकवणार. छाटायला डाळिंब कुणाचं?

इथे कुणी म्हणेल, जमीन नसली तरी माळ्याची नोकरी मिळेल की. बरोबर, आणि हा विषय मला चांगला माहीत आहे. बहरीनमध्ये माळीकाम म्हणजे झारी घेऊन फिरणं नव्हे. हिवाळ्यात हमरस्त्याकडेला पेट्युनियाचे गालिचे दिसतात ना, ते तुबलीच्या प्रकल्पातून शुद्ध करून आलेल्या सांडपाण्यावर जगतात. त्या पाण्यातला क्षार, ड्रिपरची तोंडं बुजणं, फिल्टर उलटा धुणं, व्हॉल्वची वेळ लावणं, बोगनवेलीला मुद्दाम ताण देणं, उन्हाळ्यात दुपारच्या कामबंदीच्या आत पहाटेची पाळी उरकणं, हा सगळा एक धंदा आहे. तो शिकायला वर्ष जातं. तुरुंगात शिकवायचं असेल तर हे शिकवा. गुलाबाला पाणी घालणाऱ्या कैद्याचा फोटो आणि हा धंदा यांत फार अंतर आहे. शिकवून झाल्यावर प्रमाणपत्र द्या ते आयटीआयचं किंवा कौशल्य मंडळाचं, आणि त्यावर तुरुंगाचं नाव कुठेही नको. अधीक्षकांच्या सहीचं, 'मध्यवर्ती कारागृह' असा शिक्का असलेलं प्रमाणपत्र घेऊन माणूस कुठल्या दारात उभा राहणार? तो कागद त्याला काम मिळवून देण्याऐवजी त्याची ओळख सांगून टाकतो.

आणि समजा सगळं नीट शिकवलं. मग येतं आपलं फाटक. आपलं म्हणजे तुमचं-माझं. या आखातात आपल्यापैकी कितीतरी जण कंपन्यांत कंत्राटं काढायच्या, माणसं निवडायच्या खुर्चीत बसलेले आहेत. कामगार पुरवण्याच्या जवळपास प्रत्येक निविदेत एक ओळ असते: सर्व कामगारांचा पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. माळ्यालाही. ज्याचा संबंध फक्त फिल्टरशी आणि फावड्याशी येणार त्यालाही. ती ओळ एका निविदेतून दुसरीत उतरत जाते, कुणी कधी विचारत नाही की ही इथे कशाला. काही ठिकाणी व्हिसासाठी तो कागद लागतोच, तिथे आपला इलाज नाही. पण जिथे लागत नाही तिथेही आपण मागतो. आणि सुट्टीवर पुण्याला गेलो की सोसायटीच्या सभेत हात वर करून ठराव करतो: माळी, वॉचमन, सफाईवाले, सगळ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन.

गंमत बघा. कायदा आपल्याइतका निष्ठुर नाही. पासपोर्टचा १९६७चा कायदा म्हणतो की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्याला, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत तो दोषी ठरला असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे सात वर्षं भोगून सुटलेल्या माणसाला निदान त्या कलमाखाली सरकार अडवू शकत नाही. १९५८च्या परिवीक्षा कायद्यात तर साफ लिहिलंय की परिवीक्षेवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू नाही. विलायतेत १९७४पासून कायदा आहे. ठरावीक मुदत उलटली की बऱ्याचशा शिक्षा 'सरल्या' असं धरतात आणि मालकाला त्या विचारात घेता येत नाहीत. लहान मुलांशी संबंध येणाऱ्या नोकऱ्या वगैरे अपवाद आहेत, ते असावेतच. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे राज्याने विसरायचं ठरवलं तरी सोसायटीचा सेक्रेटरी विसरत नाही!

तुरुंगातल्या बागांचा विषय निघाला की लोक अमेरिकेची उदाहरणं देतात, म्हणून तेही बघू. सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटी तुरुंगात कॅथरीन स्नीड या समुपदेशक बाईंनी ऐंशीच्या दशकात कैद्यांकडून भाजीपाला पिकवून घ्यायला सुरुवात केली. बाग झकास फुलली. पण त्यांना दिसलं ते भलतंच: सुटलेली माणसं पुन्हा तुरुंगाच्या बागेत काम मागू लागली, कारण बाहेर त्यांना कुणी विचारत नव्हतं. तुरुंगात परत जावंसं वाटावं इतकी बाग चांगली होती, याचा आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची? बाईंनी १९९२ साली तुरुंगाबाहेर 'गार्डन प्रोजेक्ट' काढला, सुटून आलेल्यांसाठी, पगारी. तिथली भाजी बर्कलीच्या नामांकित रेस्टॉरंटने विकत घेतली, आणि शहराने रस्त्याकडेची झाडं लावायचं काम या माणसांना दिलं. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावर नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ग्रीनहाऊस कार्यक्रमालाही बाहेर पगारी उमेदवारीची जोड द्यावी लागली. म्हणजे ज्यांची उदाहरणं आपण देतो, ते लोक बागेपाशी थांबलेच नाहीत. गिऱ्हाईक शोधलं, नगरपालिकेला कामाला लावलं.

आपण ज्या देशात राहतो तिथलंही दोन शब्दांत. बहरीनने २०१७ साली पर्यायी शिक्षेचा कायदा केला: कैदेच्या जागी समाजसेवा, घरातच स्थानबद्धता, प्रशिक्षण असे पर्याय न्यायालय देऊ शकतं. त्याचा लाभ हजारोंना झाला. पुढे खुल्या तुरुंगांची योजनाही आली. ही पावलं महत्त्वाची आहेत, आणि आपल्याकडच्या सरकारांनी बघण्यासारखी. त्याच देशात ऑगस्ट २०२३ मध्ये जाऊ तुरुंगातल्या शेकडो कैद्यांनी उपोषण केलं. कोठडीबाहेर जास्त वेळ मिळावा ही त्यांची एक मागणी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीचं नाव घेऊन दुसरी झाकू नये.

आणि इथल्या तुरुंगांतून सुटून मायदेशी धाडले जाणारे आपले लोक? कुणी कर्जापायी, कुणी भांडणात, कुणी कागदपत्रांच्या घोळात आत गेलेला. १९९९पासून काम करणारा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड अशा अडलेल्यांना मदत करतो, परतीच्या तिकिटांचीही सोय बघतो. फार मोलाचं काम आहे. पण तिकीट मुंबई विमानतळापर्यंत असतं. पुढे सावंतवाडीच्या किंवा खेडच्या घरी सावकार बसलेला असतो. त्या माणसाने कदाचित इथे दहा वर्षं बागाच केल्या आहेत, कौशल्य त्याच्याकडे भरपूर आहे. त्याला आणखी एक बाग देऊन काय करणार?

काही मित्रांनी खासगीत विचारलं, "ताई, ज्यांचा खून झाला त्यांच्या घरच्यांचं काय? सगळी माया कैद्यालाच?" प्रश्न योग्य आहे आणि त्यावरून तोंड चुकवू नये. १९९८चा निकाल त्यांचाच वाटा मजुरीतून काढायला सांगतो. मजुरीच मिळत नसेल, सुटल्यावर कामच नसेल, तर तो वाटा कशातून येणार? बेकार सुटलेला कैदी कुणाचंच देणं फेडत नाही. दुसरा आक्षेप: "धोका कोण पत्करणार? उद्या काही झालं तर?" सांगानेरला माणसं रोज सकाळी बाहेर जातात आणि संध्याकाळी परत येतात, साठ वर्षं झाली. इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामाच्या कुंपणाकडेची झुडपं कापणाऱ्याकडून नेमका कोणता धोका, हे मला कुणी सांगितलेलं नाही. शाळा आणि घरं वगळा, ते मला मान्य. पण सगळं जग म्हणजे शाळा नव्हे.

तेव्हा प्रस्तावात बदल सुचवते. जमेल त्या रकमेचा छोटा हिस्सा बागेला द्यावा, आणि तोही ठिबक-फिल्टर-रोपवाटिका असं खरं शिक्षण असेल तरच. मोठा हिस्सा सुटल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी ठेवावा: खोलीभाडं, ओळखपत्रांची भानगड, अवजारं आणि पगारी उमेदवारी. हे काम जाणणारे लोक आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९०पासून मुंबईत सुटलेल्या आणि कच्च्या कैद्यांबरोबर काम करतो. माणसं संस्थांमध्ये उमेदवारीला लावून त्यांची घडी बसवून देतो. आपण नवं मंडळ काढायची गरज नाही, त्यांना विचारू या काय कमी पडतं. पाटी नको. पाटी लावायचीच असेल तर फाटकाच्या बाहेरच्या बाजूला लावा.

आणि पैशाखेरीज एक गोष्ट, जी फुकट आहे. आपल्यातले जे कंत्राटं काढतात त्यांनी पुढच्या निविदेत ती चारित्र्याच्या दाखल्याची ओळ कुठे कायद्याने लागते आणि कुठे नुसती सवयीने आली आहे ते तपासावं. भारतात ज्यांच्या कंपन्यांची ऑफिसं, कारखाने, फार्महाऊस आहेत त्यांनी एकेका माळ्याची जागा सांगावी. नाव, गाव, पगार आणि कोण सांभाळून घेणार एवढं लिहून. पाचशे झाडांच्या यादीपेक्षा मला अशा दहा जागांची यादी हवी आहे. माझ्या ओळखीच्या एका कंत्राटदाराने नाशिकजवळच्या रोपवाटिकेत दोन जागा द्यायचं कबूल केलंय, किमान वेतनावर, राहायच्या खोलीसह. आठ राहिल्या.